खालचं मशीन अमरावतीत, वरची तबकडी अकोल्यात

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल मी आधी सगळ्यांची माफी मागतो. सहा वर्षांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं. त्यातला एक भाग तर सव्वीस वर्षांपूर्वी लिहायला पाहिजे होता, तो कलम पाचमध्ये येईल. तिथवर कोणी कंटाळू नये.

मी, पंजाबराव सोनाजी तायडे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण सातवी (दोनदा बसून), धंदा मोजे विणणे, राहणार राजापेठेमागची गल्ली, अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून सही मागितलेली नाही. उलट पंधरा दिवसांपासून मीच घरातल्यांच्या मागे लागलो आहे की टीव्ही बारीक करा, मला लिहू द्या. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचणीने लावला आहे, टाचणी गंजू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिक घातलं आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, "काका, आज वार कोणता?" मी म्हटलं, "मंगळवार, आणि तुमच्या डाव्या पायातला मोजा उलटा आहे." त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि लगेच दाखला लिहून दिला.

मृत्युपत्राला साधा कागद चालतो असं वकिलांनी तीनदा सांगितलं. मला साध्या कागदाचा भरवसा नाही, म्हणून जाड आणला. हा चौथा खर्डा आहे. पहिल्यावर चहा सांडला. दुसऱ्यात तारीख चुकली. तिसरा मी जपून ठेवला आणि कुठे ठेवला ते आठवत नाही. यावरून डोकं ठिकाणावर नसल्याचं कोणी म्हणू नये, वस्तू जपून ठेवून विसरणं मला लहानपणापासून आहे. तिसरा खर्डा सापडल्यास न वाचता फाडावा. त्यात सुनेबद्दल रागात लिहिलेलं आहे आणि तो राग आता उतरला आहे.

माझी बायको भागीरथा हयात असताना नेहमी म्हणायची, "लिवून टाका न जी एकदाचं." मी म्हणायचो, लिहिलं की माणूस मरतो. त्यावर ती म्हणायची, "न लिवनारे का अमर झाले? लिवून ठेवा म्हंजे आमाले तुमच्या मागं कागदं हुडकत फिरा नाही लागन." ती स्वतःच २०१९ साली पुढे गेली. तिला दिलेला शब्द आता पाळतो आहे.

कलम १. घर

राजापेठेमागचं घर, खाली दोन खोल्या, वर एक. खालच्या दोन्ही खोल्या मुलगा धम्मदीप याला. वरची खोली मुलगी माया हिला, जी अंजनगाव सुर्जीला दिलेली आहे. जिना दोघांचा. जिन्याखाली माझी सायकल आहे, ती कोणाला नको असेल तर भगवंत सरोदे भाजीवाल्याला विचारावं, पण त्याने ती रंगवू नये.

घरात मधे भिंत घालू नये. दरवाजाही लावू नये. आमच्या घरात एकदा वाटणी झाली आहे, ती कशी झाली ते पुढे लिहिलं आहे. ते वाचल्यावर भिंत घालायची इच्छा राहिली तर मग मी काही बोलत नाही.

झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. हे कलमात बसत नाही असं वकील म्हणाले, पण घर जळलं तर बाकीची कलमं कशाला.

कलम २. बचत

पोस्टाचं पुस्तक आणि बँकेचं पुस्तक दोन्ही लोखंडी पेटीत आहेत. जे निघेल ते धम्मदीप आणि माया यांनी सारखं घ्यावं. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करत होतो तेव्हाचे काही कागद आहेत, त्यांचा उपयोग नाही. तरी फेकू नयेत.

कलम ३. घरातल्या वस्तू आणि नीलम

भागीरथाची शिवणाची डबी, त्यातल्या मोठ्या डोळ्याच्या सुयांसह, सून नीलम हिला. मोज्याच्या बोटाकडची शिवण आता तीच घालते आणि आतून हात फिरवला तरी गाठ लागत नाही. हे मी तिला तोंडाने कधी सांगितलं नाही.

२०११ साली नीलमने माझे अकरा जोड लोकरी मोजे उकळत्या पाण्यात धुतले. ते आकसून अंगठ्याएवढे झाले. मी तीन दिवस जेवलो नाही. (दुसऱ्या दिवशी भागीरथाने लपवून पोळी दिली ती सोडून.) नीलमने ते मोजे दवाखान्यात नेऊन नुकत्याच झालेल्या लेकरांना घातले आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, अकरा लेकरायच्या पायाले बसले. एकाले तं इतके बरोबर बसले का त्याची आजी म्हने, माप कवा घेतलं?" मी तेव्हा हसलो नाही. आत जाऊन हसलो. ही गोष्ट आज मिटली असं समजावं.

माझा रेडिओ मायाला. त्याची मागची बाजू पडते, रबर लावून ठेवावं.

कलम ४. वरच्या खोलीतला शिकवणीवर्ग

वरच्या खोलीत धर्मेंद्र नावाचे गृहस्थ गणिताची शिकवणी घेतात. त्यांच्या पोरांच्या गाड्या माझ्या दारासमोर लागतात. मी सहा वर्षांत त्यांना एकशे दहा वेळा तरी सांगितलं असेल. ते हात जोडून म्हणतात, "काकाजी, कल से नहीं लगेगी." त्यांचा उद्या अजून उगवलेला नाही. माझी तिरडी निघेल त्या दिवशी तरी दार मोकळं ठेवावं, एवढी त्यांना ताकीद. त्यांना माझ्याकडून एक जोड मोजे, काळे, नऊ नंबर. माणूस वाईट नाही.

कलम ५. मशीन

हे कलम मोठं आहे. पाणी पिऊन घ्यावं.

माझ्याकडे मोजे विणायचं गोल मशीन आहे. लोखंडी, हाताने फिरवायचं, टेबलाच्या काठाला कसायचं. आमचे वडील सोनाजी एका महिला विणकाम केंद्रात शिपाई होते. केंद्र बंद पडलं तेव्हा सामानाचा लिलाव झाला. शिलाई मशिनींवर सगळे तुटून पडले, पण हे काय आहे ते कोणाला समजेना. एकाने तर ते शेवया पाडायचं समजून बोली लावली. बाबांना मात्र समजत होतं. केंद्रातल्या बाईंना रोज चहा नेऊन देताना उभं राहून पाहत त्यांनी ते शिकून घेतलं होतं. ते मशीन डोक्यावर घेऊन चालत घरी आले.

मशीनचे दोन भाग. खाली नळकांडं, त्यात बहात्तर सुया उभ्या. प्रत्येक सुईला वर गळासारखा आकडा आणि उघडझाप करणारी जीभ. हँडल फिरवलं की सुया एकामागून एक वर येतात, दोरा पकडतात, खाली जातात. एवढ्याने साधा मोजा होतो, सगळे टाके सुलट. दुसरा भाग म्हणजे वरची तबकडी, त्यात छत्तीस सुया आडव्या. ती खालच्यावर बसवली की एक टाका सुलट, एक उलट असं विणलं जातं आणि मोज्याच्या वरच्या पट्टीला उभ्या धारा पडतात. धारा असल्या की पट्टी पोटरीला धरून राहते. नसल्या तर चार पावलांत मोजा घोट्यावर.

जो कोणी पुढे चालवेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. मोजा वरून खाली विणायचा. आधी पट्टी, मग पोटरी, मग टाच, तळवा, शेवटी बोटं. खाली वजन लटकवलेलं पाहिजे, नाहीतर टाके उड्या मारतात. टाचेला हँडल पूर्ण फिरवायचं नाही, पाळण्यासारखं पुढे-मागे करायचं. पुढच्या छत्तीस सुया वर उचलून थांबवायच्या आणि मागच्या छत्तीसवरच काम करायचं. त्यातली दर फेरीला एकेक सुई बाजूला घेत बारा राहिल्या की पुन्हा एकेक परत आणायची, म्हणजे टाचेची वाटी होते. टाच चालू असताना विणणाऱ्याशी बोलू नये. भागीरथा त्या वेळी जेवायलासुद्धा बोलवत नसे. तेल शिलाई मशीनचंच घालावं. धम्मदीपने एकदा खोबरेल घातलं, ते डिसेंबरात थिजलं आणि मशीन आठ दिवस मुकं झालं.

आणि मशीन रिकामं सोडायचं नाही. शेवटचा मोजा झाला की टाकाऊ दोऱ्याच्या दहा-बारा फेऱ्या विणून तशाच सुयांवर ठेवायच्या, म्हणजे पुढचा मोजा त्यांच्यावर सुरू करता येतो. रिकाम्या मशीनवर बहात्तर टाके नव्याने चढवणं म्हणजे आटलेल्या म्हशीला पुन्हा दुधावर आणण्यासारखं आहे.

बाबांचा एक नियम होता. मी आणि माझा धाकटा भाऊ मोतीराम, दोघंही मशीन चालवायचो. बाबा म्हणायचे, जोडीतला एक मोजा पंजाबने विणायचा, एक मोतीरामने. एकट्याचा जोड बाजारात जाणार नाही. त्यामुळे आम्ही भांडलो तरी काम थांबायचं नाही, कारण एका मोज्याला गिऱ्हाईक नसतं.

बाबा गेल्यावर १९९२ साली वाटणी झाली. मला हे घर. मोतीरामला अकोल्याला सरकारी शिपायाची नोकरी लागली होती, त्याला तिथलीच कौलखेडची जागा. तिथवर सगळं राजीखुशीने झालं. मशीनवर गाडं अडलं. मी म्हणे मी मोठा. तो म्हणे माझा हात चांगला. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी आमची आई पार्बताबाई चुलीपुढून उठली, तिने तबकडीचा स्क्रू सोडला आणि तबकडी काढून मोतीरामच्या मांडीवर ठेवली.

"खालचं पंजाबचं, वरचं मोत्याचं," ती म्हणाली. "आता दाखवा एकमेकायले सोडून!"

सात वर्षं आईचं बरोबर निघालं. मोतीराम दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीने अकोल्याहून यायचा, तबकडी कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. कंडक्टरने एकदा विचारलं, यात काय आहे? तर म्हणाला, "माह्या भावाच्या मशीनचं झाकन हाये." रविवारभर आम्ही विणायचो. संध्याकाळी तो झाकण घेऊन परत जायचा.

आता जे लिहितो ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

१९९९ च्या जानेवारीत एका शाळेच्या बँडपथकासाठी चाळीस जोड पांढरे मोजे विणायचे होते. त्यासाठी मोतीराम तीन आठवडे रजा टाकून इथेच राहिला होता. नियमाप्रमाणे चाळीस मोजे माझे, चाळीस मोतीरामचे. मला पहिल्यापासून सुई तुटायची भीती आहे. बहात्तरातली एक तुटली तर तशी सुई आता कुठे मिळत नाही, आणि दोरा ताणलेला असला की सुई तुटायचा धोका जास्त. म्हणून मी मशीनवर बसलो की टाका लहान-मोठा करायचा जो स्क्रू आहे, तो हळूच अर्धा आटा सैल करायचो. उठताना पुन्हा होता तिथे आणून ठेवायचो, म्हणजे मोतीरामच्या लक्षात येऊ नये. लोकरीच्या मोज्यांत ते खपून जायचं, लोकर आपोआप आकसून घेते. हे मोजे सुती होते. सूत आकसून घेत नाही, हे मला माहीत होतं. तरी भीतीने हात स्क्रूकडे गेलाच.

सव्वीस जानेवारीला बँडपथक ढोल वाजवत निघालं. पहिल्या वळणापर्यंत चाळीसही पोरांचा एकेक मोजा घोट्यावर आला. दुसरा गुडघ्याखाली ताठ. कोणाचा डावा पडला, कोणाचा उजवा. बघणाऱ्यांना वाटलं, यंदा अशीच टूम आहे. मुख्याध्यापकांनी सगळे मोजे धुवून परत पाठवले आणि निरोप दिला की तुमच्या दोघांपैकी एकाचे मोजे उत्तम आहेत, कोणाचे ते तुम्हीच ठरवा.

मी म्हटलं, घट्ट माझे. मोतीराम म्हणाला, घट्ट माझे. मोज्यावर नाव तर लिहिलेलं नसतं. शेजारपाजारचे जमले. भगवंत सरोदे दुकान सोडून आला. मोतीराम म्हणाला, "भाऊ, बसा मशीनवर. सगळ्यायच्या समोर इना. मंग मी इनतो. दूध का दूध, पानी का पानी."

मी बसलो. त्या दिवशी मी स्क्रूला हात लावला नाही. सुई तुटली तर तुटली. माझा मोजा ढोलाच्या कातड्यासारखा घट्ट आला. मग मोतीराम बसला. त्याने रागाने हँडल गरागरा फिरवलं. पट्टीतच त्याचे तीन टाके सुटले आणि धारांमध्ये पडक्या दातांसारखी भोकं पडली. भगवंत हसला. मग सगळेच हसले. मीही हसलो.

मोतीराम उठला, तबकडी काढली, पिशवीत घातली. दारात वळून एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमाले मालूम हाये."

भागीरथा त्याचा डबा घेऊन चौकापर्यंत धावली. डबा त्याने घेतला. तिच्यावर त्याचा राग नव्हता.

त्यानंतर तबकडी या घरात आली नाही. गेली सव्वीस वर्षं मी पट्टीच्या धारा हाताने करतो. साधी पट्टी विणायची, मग एक सोडून एक टाका खालपर्यंत उसवायचा आणि आकड्याने उलट बाजूने एकेक पायरी वर चढवत आणायचा. एका मोज्याला अशा छत्तीस ओळी. जिथे दिवसाला चार मोजे व्हायचे तिथे एक होतो. लोक म्हणतात, पंजाबरावांचं काम फार बारीक, हाताचं. ती माझी सजा होती, आणि लोक तिला कारागिरी समजून चार पैसे जास्त द्यायचे, याची मला लाज वाटायची.

आई वारली तेव्हा मोतीराम आला, चार दिवस राहिला, माझ्याशी बोलला नाही. भागीरथाने मला या विषयावर वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. फक्त हिवाळा लागला की म्हणायची, "मोतीराम भाऊजींचा पत्ता तोच हाये न जी?" मी म्हणायचो, असेल. ती गेल्यावर तिची पेटी उघडली. तळाशी त्या चाळीसातला एक पांढरा जोड निघाला. सैल मोज्याच्या पट्टीला तिने आतून लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. चाळीसही जोडांची बोटं तिने शिवली होती. कोणता मोजा कोणाचा, हे तिच्या हाताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याच दिवशी हे लिहायला पाहिजे होतं. मी पेटी बंद केली आणि सहा वर्षं काळजी करत बसलो.

यंदा फेब्रुवारीत मायाच्या मुलीचं अंजनगावला लग्न झालं. मायाच्या शब्दाखातर मोतीराम आला. पंगतीत आमच्यामध्ये दोन माणसं होती. मी वाढणाऱ्याकडे पाहत होतो तेवढ्यात त्याचा आवाज आला. बोलला त्याच्या बायकोशी, जयवंताशी, पण गल्लीला ऐकू जाईल असा. "त्यायले सांग, मोजा उतरून राहिला त्यायचा."

मी खाली पाहिलं. उजवा मोजा खरंच घोट्यावर आला होता. मी तो वर ओढला. सव्वीस वर्षांनी तो माझ्याबद्दल पहिलं वाक्य बोलला आणि ते बरोबर होतं. मला वरण कसं होतं ते आठवत नाही.

हात धुताना जयवंता जवळ आली. "दादा, थे तबकडीले दर एक तारखेले तेल देतेत," ती म्हणाली. "मी म्हनते, कायले देता? हे का फिरते? तं म्हनतेत कसे, खालच्याले जंग नसन लागला, मंग वरच्याले कावून लागू देऊ?"

मीसुद्धा एक तारखेलाच तेल देतो. बाबांची तारीख ती.

म्हणून मी शपथेवर, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की १९९९ सालचे चाळीस सैल मोजे मी विणले होते. मोतीराम सोनाजी तायडे याचे चाळीसही मोजे घट्ट आणि उत्तम होते. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे विणून दाखवलं ती लबाडी होती. भगवंत सरोदे आणि जे जे हसले त्यांनी आपलं हसणं मागे घ्यावं.

आणि माझं मोजे विणायचं मशीन, खालचा भाग, बहात्तर सुया, वजनं, आकडा, तेलाची कुपी आणि लोकरीच्या सगळ्या लडी, मी माझा भाऊ मोतीराम याला देत आहे. यात कोणतीही अट नाही. त्याने मला माफ केलं नाही तरी मशीन त्याचं. तो न्यायला आला नाही तरी धम्मदीपने ते गोधडीत गुंडाळून कौलखेडला पोहोचवावं, एसटीच्या टपावर टाकू नये. मोतीरामनंतर ते कोणाला द्यायचं हे मोतीरामने ठरवावं. माझा सल्ला विचारला तर मायाला, तिची टाच चांगली येते. पण खालचं आणि वरचं पुन्हा कोणी वेगळं करू नये.

कलम ६. अंत्यविधी

विधी आपल्या पद्धतीने, साधा. वंदना म्हणणाऱ्यांना आधी चहा द्यावा, घसा बसला की ते घाई करतात. अंगावर पांढरं वस्त्र. पायांत मोजे पाहिजेत, मला पाय उघडे असले की झोप लागत नाही.

पेटीतला लाल गाठीचा जोड घालू नये, तो मायाने सांभाळावा. मला नवा जोड हवा आहे, तबकडीवरच्या खऱ्या धारांचा, वरून खाली विणलेला, बाबांच्या नियमाप्रमाणे. एक मोजा मी विणलेला, एक मोतीरामने. माझा थोडा सैल आला तरी चालेल, मला तेव्हा फार चालायचं नाही. पण हा जोड मी मेल्यावर होऊ शकत नाही, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. त्यासाठी तबकडी माझ्या हयातीत अमरावतीला यायला पाहिजे.

कलम ७. अंमलबजावणी

हे सगळं धम्मदीपने पार पाडावं. तो शांत आहे, आईवर गेला आहे. बाबा, किती वेळा कुलूप ओढून पाहता, असं तो मला म्हणतो. यापुढे त्याने ओढून पाहावं.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात असं वकील म्हणाले. मी म्हटलं, साहेब, एका माणसाने हे मी जिवंत असताना वाचलं पाहिजे, नाहीतर मला शिव्या कोण देणार? म्हणून याची एक प्रत आजच स्पीड पोस्टाने अकोल्याला पाठवत आहे.

साक्षीदार मिळायला त्रास झाला. ज्याला काही मिळणार आहे त्याची सही नको, असं वकिलांचं म्हणणं पडलं, आणि मी सोबतच्या यादीत गल्लीत सगळ्यांनाच एकेक जोड लिहून ठेवला होता. शेवटी गीतांजली ढोके बाई आणि भगवंत सरोदे यांनी आपापले मोजे सोडले. भगवंतने सायकलही सोडली, कलम एकमधली ती ओळ रद्द समजावी. कलम पाच त्याला वाचून दाखवलं. त्याने समोरची वांगी बाजूला सारली आणि म्हणाला, "पंजाबभाऊ, हासलो तं मी होतोच. द्या इकडं पेन."

माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. पेन एकच वापरलं आहे.

पंजाबराव सोनाजी तायडे
(सही, आणि सही हललेली आहे म्हणून डाव्या हाताचा अंगठाही)

साक्षीदार:
१. गीतांजली रमेश ढोके, निवृत्त शिक्षिका, राजापेठ (सही)
२. भगवंत नथ्थुजी सरोदे, भाजी दुकान, राजापेठ (सही)

ठिकाण: अमरावती
दिनांक: ८ डिसेंबर २०२५, सोमवार

अकोल्याच्या प्रतीवर जास्तीचा मजकूर:

मोत्या, मशीनवर टाकाऊ दोऱ्याच्या बारा फेऱ्या विणून ठेवल्या आहेत. बहात्तरच्या बहात्तर सुया भरलेल्या आहेत. स्क्रू तुझ्या खुणेवर आणून त्याच्यावर चिकटपट्टी लावली आहे, म्हणजे माझा हात जाणार नाही. शनिवारची संध्याकाळची एसटी अजून सुटते, मी स्टँडवर जाऊन दोनदा विचारून आलो. येताना चष्मा आण, तबकडीच्या सुया आता आपल्या दोघांनाही नीट दिसायच्या नाहीत. नीलमला सांगून ठेवलं आहे, टाच चालू असताना कोणी बोलणार नाही.

पत्र लिहायचा कंटाळा असेल तर धम्मदीपच्या मोबाइलवर फोन कर, नंबर पाकिटावर मागच्या बाजूला दोनदा लिहिला आहे. हो म्हन, नाही म्हन, शिव्या दे, पन बाप्पा, लवकर कळवजो.